न जुळणारे कागद

४ ऑगस्ट २०२५

नोटीस बोर्डावर भाऊरावांचा कागद लागला. भाऊराव आमच्या नवकिरण सोसायटीचे सेक्रेटरी, आणि त्यांचा कागद म्हणजे चार ओळींत सहा चुका. पण मजकूर महत्त्वाचा आहे. इमारत पाडून नवी बांधायचं अखेर ठरलं. प्रत्येक सभासदाने घराची सगळी कागदपत्रं स्कॅन करून सप्टेंबरअखेर सोसायटीला द्यायची. त्यावरून बिल्डर नव्या फ्लॅटचे करार करणार.

बाकीचे सभासद जिन्यात उभे राहून कपाळाला हात लावत होते. मला मात्र मनापासून आनंद झाला. अंधेरीच्या कंपनीत सगळी नोकरी मी रेकॉर्ड सेक्शनमध्ये काढली. निवृत्त झाल्यापासून या घरात माझ्या कामाची कोणाला किंमत नाही. आता कळेल. सोसायटीला हवेत तेवढेच कागद करून थांबायचं नाही, घरातला एकूण एक कागद स्कॅन करायचा, असं ठरवलंय. विजेची बिलं, विमा, पासबुकं, मिक्सरचं वॉरंटी कार्डसुद्धा. आणि कामाची नोंद ठेवायची. नोंद नाही ते काम झालंच नाही, असं मी सेक्शनमध्ये सांगत असे. म्हणून ही डायरी.

संध्याकाळी बायकोला, क्षमाला, सगळं समजावून सांगितलं. ती भेंडी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "नव्या करारात माझं नाव घालाल ना?"

मी म्हटलं, "बघू."

६ ऑगस्ट

माळ्यावरची ट्रंक काढली. वरच्या थराला कसर लागलेली, खालचा थर शाबूत. टाचण्या गंजून कागदाला चिकटल्यात. एकेक सोडवता सोडवता बोटं काळी झाली. स्कॅन करायचं अॅप अस्मिताने फोनवरून घालून दिलं. लेक मुलुंडला असते, मोठ्या कंपनीत आहे, पण बापाशी बोलताना घाई असते. पहिली दहा पानं तिला पाठवली तर हसायला लागली.

"बाबा, प्रत्येक पानात तुझा अंगठा आलाय."

"कागद धरायला नको?"

"कागद टेबलावर ठेव ना रे!"

आमच्या वेळी असं बापाला अरे-तुरे केलं असतं तर कानफटात बसली असती. पण पानं टेबलावर ठेवून पाहिली. चांगली आली.

११ ऑगस्ट

फोल्डरची रचना आज पक्की केली. एक श्यामसुंदर, दोन क्षमा, तीन अस्मिता, चार घर. फाइलच्या नावात आधी साल, मग विषय. माझा फोल्डर भराभर भरला. क्षमाचा भरेना, कारण तिच्या कागदांवर क्षमा नाहीच.

लग्नात मी तिचं नाव बदललं. तेव्हा सगळेच बदलत. ताटात तांदूळ पसरून अंगठीने मी 'क्षमा' असं लिहिलं, पेढे वाटले आणि माहेरची नीलम तेंडोलकर तिथे संपली. पण ती त्याआधीच महापालिकेच्या दवाखान्यात फार्मासिस्ट म्हणून लागली होती आणि हजेरीपटावर नीलमच होती. तिथलं नाव बदलून घे म्हणून मी कितीदा सांगितलं. करते, म्हणायची. रिटायर झाली तरी केलं नाही. त्यामुळे पगार नीलमचा, पॅन कार्ड नीलमचं, ऑफिसातल्या कॅम्पमध्ये काढलेलं आधार नीलमचं, आता पेन्शनही नीलमची. क्षमाच्या वाट्याला काय, तर रेशन कार्ड, मतदार यादी आणि लग्नाचा अल्बम.

एका माणसाच्या आळसापायी अख्खी पद्धत बिघडते ती अशी. नीलमचे कागद क्षमाच्या फोल्डरमध्ये टाकणं नियमात बसत नाही. शेवटी पाचवा फोल्डर उघडला आणि त्याला 'न जुळणारे' असं नाव दिलं. तिची सगळी नोकरी त्यात गेली.

१४ ऑगस्ट

घराचं शेअर सर्टिफिकेट सापडलं. कोरं करकरीत. कसर सोडा, पाण्याचा डागसुद्धा नाही. घर घेतल्या घेतल्या मी ते लॅमिनेट करून आणलं होतं. भाऊरावांना दाखवलं तर ते डोकं खाजवायला लागले. म्हणाले, "अहो नेरुरकर, याच्या पाठीमागे नावं वाढवायचा तक्ता असतो. यावर आता लिहायचं कसं?"

लिहू नये म्हणूनच तर केलं होतं. कोणी खाडाखोड करायला नको. अस्मिता शाळेत असताना क्षमाने एकदा नावाचा विषय काढला होता, तेव्हाही मी तिला हेच दाखवलं. ती बराच वेळ नखाने प्लॅस्टिकची कड खरवडून बघत होती.

आज परत तोच विषय.

"घर घेताना एजंट काय म्हणाला होता, आठवतं?" तिने विचारलं. "वहिनींच्या कागदांवर एक नाव, तुम्ही सांगता दुसरं, रजिस्ट्रेशन अडकेल. आत्ता साहेबांचं एकट्याचं करू, वहिनींचं नंतर घालू. ते नंतर अजून आलं नाही."

"तूच ते येऊ दिलं नाहीस. नाव बदललं असतंस तर?"

"कर्जाचा हप्ता मात्र त्याच नावाच्या खात्यातून जायचा. तेव्हा काही अडकलं नाही."

बायकांशी वाद घालून उपयोग नसतो. मी शांतपणे म्हटलं, "तू आधी तुझे कागद एका नावाचे कर. एका माणसाचं एकच नाव, हा रेकॉर्डचा पहिला नियम आहे."

"कुठलं करू?"

"कुठलंही कर. पण एकच कर."

"बरं," ती म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं म्हणणं तिने वाद न घालता ऐकून घेतलं.

२० ऑगस्ट

लेबलं छापून आणली. फायलींवर लावून उरली, म्हणून स्वयंपाकघरातल्या डब्यांवर लावायला घेतली. साखर, मीठ, हरभरा डाळ, तूर डाळ. क्षमाने हातातून पट्टीच काढून घेतली.

"माझ्या डब्यांना हात लावायचा नाही."

"अगं, शिस्त लागेल."

"मला माहीत आहे कुठे काय आहे ते."

"आणि उद्या तू नसलीस तर?"

"तर शोधा."

हे उत्तर झालं? माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुपारी जेवताना एक शब्द बोललो नाही. तिने विचारलंही नाही.

२ सप्टेंबर

दीड दिवसाचा गणपती झाला. अस्मिता येऊन गेली. कामाला पुन्हा सुरुवात केली.

आज एक चांगली गोष्ट घडली. क्षमा आपणहून माझ्या शेजारी येऊन बसली. "मला शिकवा," म्हणाली. तिच्या पासबुकांचा गठ्ठा होता तो आम्ही दोघांनी मिळून केला. ती पान सरळ ठेवायची, मी फोटो काढायचा, मग तिने काढायला घेतले. हात अगदी स्थिर. एकाही पानात सावली नाही. मी प्रत्येक पानाला खाली क्रमांक दिला आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात 'संकलन: श्या. ने.' असं टाकलं. तिने सांगितलं, सगळ्याची अनुक्रमणिका पण करा. मला बरं वाटलं. इतकी वर्षं मी ऑफिसच्या गोष्टी सांगायला लागलो की ही उठून जायची.

एका पानावर ती थांबली. "हा महिना आठवतो? घराचे पहिले पैसे भरायचे होते. आईच्या पाटल्या मोडल्या."

मी विचारलं, "पावती आहे का सोनाराची?"

"नाही."

"मग नोंद कशी करणार?"

ती पुढचं पान ठेवायला लागली. संध्याकाळपर्यंत गठ्ठा संपला. आम्ही दोघं असे शेजारी शेवटचे कधी बसलो होतो ते आठवेना.

११ सप्टेंबर

क्षमा हल्ली दिंडोशीला फार जाते. तिथे शीतल राहते, दवाखान्यातली तिची मैत्रीण. दोघींनी म्हणे उभी नोकरी एका डब्यात जेवून काढली. शीतलचा फोन आला की पलीकडून "नीलम!" अशी हाक येते, इतक्या मोठ्याने की मला बाल्कनीत ऐकू येते. आणि ही खुलते. खिदळते. माझ्याशी बोलताना हिच्या तोंडाला कुलूप असतं आणि शीतलपाशी काय एवढं हसू येतं, देव जाणे.

आज तिच्या पिशवीत स्टॅम्प पेपर दिसला. विचारलं तर म्हणाली, "दिंडोशीला कोर्टाबाहेर नोटरी बसतात. नावाचं प्रतिज्ञापत्र करून घेतलं. गॅझेटला अर्ज केला. एका नावाचं करायचंय ना?"

चला, एकदाचं! मी म्हटलं, "हेच काम पस्तीस वर्षांपूर्वी केलं असतंस तर मला पाचवा फोल्डर करावा लागला नसता." फी किती लागली तेही विचारलं. म्हणाली, माझी मी भरली.

मग साखरेचा शिरा केला तिने. मी दोनदा घेतला.

२४ सप्टेंबर

सोसायटीत कागद दिले. सबंध इमारतीत पहिला मीच. भाऊरावांनी पेनड्राइव्ह लावून पाहिला आणि म्हणाले, "नेरुरकर, हे तर संग्रहालय झालं." कौतुक करताना माणसाने सरळ कौतुक करावं, पण असो.

फॉर्मवर एक रकाना होता, 'सहधारकाचे नाव'. तिथे मी 'नाही' असं लिहिलं. गॅझेट अजून यायचंय. अर्धवट माहिती द्यायची नाही, हे माझं तत्त्व आहे. शिवाय एका घराला एक मालक असला की पुढे अस्मिताला त्रास होत नाही. दोन सह्या, दोन दाखले, दोन ठिकाणी धावाधाव कशाला?

घरी येऊन सांगितलं तर क्षमा पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं.

"माझं?"

"गॅझेट येऊ दे. नंतर घालू."

"नंतर," ती म्हणाली आणि पोळी तव्यावर टाकली. जेवणं झाल्यावर म्हणाली, "ते न जुळणारे कागद मला वेगळ्या पेनड्राइव्हवर द्या. अनुक्रमणिकेसकट." तिला एवढी गोडी लागलेली पाहून मी ताबडतोब करून दिलं.

३ ऑक्टोबर

अस्मिताचा फोन. नमस्कार-चमत्कार नाही, थेट तोफ.

"बाबा, फॉर्मवर आईचं नाव नाही घातलंस?"

"तू यात पडू नकोस."

"ती दोनदा विचारतेय तुला."

"गॅझेट आलं की बघू म्हटलंय ना."

मग म्हणाली, "एवढं सगळं स्कॅन केलंस तू. त्यातलं काही वाचलंस का?"

मी म्हटलं, "रेकॉर्डवाल्याने वाचायचं नसतं. लावायचं असतं." तिने फोन ठेवला. लग्नानंतर हिने स्वतःचं नाव, आडनाव काहीच बदललं नाही. तेव्हाच मी म्हटलं होतं, या मुलीला वळण राहिलं नाही. आता आईला फूस लावते आहे हे मला स्पष्ट दिसतंय.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. पाटावर दागिन्यांच्या डबीशेजारी मी हार्ड डिस्क ठेवली आणि तिला हळदकुंकू वाहिलं. घराची खरी दौलत आता त्यात आहे. क्षमाने आतून एक निळी फाइल आणून बाजूला ठेवली आणि तिलाही कुंकू लावलं.

"काय आहे?"

"माझे कागद."

सणाच्या दिवशी चौकशा नकोत म्हणून सोडून दिलं. करंज्या यंदा फारच छान झाल्या होत्या.

९ नोव्हेंबर

लिहावंसं वाटत नाही. पण नोंद ठेवायची सवय.

सकाळी गच्चीवर सर्वसाधारण सभा होती. बिल्डरच्या वकिलाने कोणाकोणाचे करार तयार आहेत ते कळवलं होतं. भाऊराव यादी वाचत होते. तीनशे एक तयार. तीनशे तीन तयार. मी हात वर केला, "तीनशे दोन राहिलं."

भाऊरावांनी चष्मा वर केला. "तीनशे दोन थांबवलंय. हरकत आलीय."

"कोणाची?"

"श्रीमती नीलम यशवंत तेंडोलकर."

माझं डोकंच फिरलं. कोणीतरी माझ्या घरावर हक्क सांगतंय, एवढंच कानात शिरलं. मी ताडकन उठलो आणि सगळ्या सभेसमोर म्हणालो, "या नावाचं आमच्या घरात कोणी राहत नाही!"

शपथेवर लिहितो, त्या क्षणी मला खरंच सुचलं नाही. ते नाव असलेली शेकडो पानं याच हातांनी मी सरळ केली होती.

मग मागच्या रांगेतून क्षमाचा आवाज आला. "राहते. मी."

ती उभी होती. हातात निळी फाइल. "गॅझेटची प्रत अर्जाला जोडली आहे, भाऊराव."

"हो वहिनी, मिळाली."

कोणीतरी हसलं. मला वाटतं चौथ्या मजल्यावरचा तो जाडा. मग आणखी दोघं-तिघं. मी खुर्चीवर बसलो आणि सभा संपेपर्यंत खाली फरशीकडे बघत राहिलो.

घरी आल्यावर मी बोललो. जोरात बोललो, ते मान्य करतो.

"मला आधी सांगायला काय झालं होतं?"

"दोनदा विचारलं तुम्हाला."

"गॅझेट क्षमाच्या नावाने करायचं होतं!"

"तुम्ही म्हणालात, कुठलंही कर."

"लोक हसले मला, समजलं? चारचौघांत लाज काढलीस माझी."

ती डाळीला फोडणी देत होती. गॅस बंद करून माझ्याकडे वळली. "मला माहीत होतं तुम्ही चिडणार. आरडाओरडा करणार, तेही माहीत होतं. पण वाटलं होतं, नाव ऐकून निदान थोडं अडखळाल." मग तिने ताटं घेतली. आमटी तिखट झाली होती आणि मी तसं म्हणालो.

१२ नोव्हेंबर

सभेचं इतिवृत्त जिन्यात लागलंय. त्यात लिहिलंय: "सभासद श्री. नेरुरकर यांनी या नावाचे त्यांच्या घरात कोणी राहत नसल्याचे सांगितले. श्रीमती तेंडोलकर यांनी आपण राहत असल्याचे सांगितले."

भाऊरावांकडे गेलो. म्हटलं, हे काढा.

"कसं काढू? मागच्या वर्षी तुम्हीच ठराव मांडलात. सभेत बोललेलं शब्दशः घ्यायचं, एक अक्षर गाळायचं नाही."

या एका कागदात मात्र भाऊरावांची एकही चूक नव्हती. मी दोनदा तपासलं.

१९ नोव्हेंबर

क्षमाच्या वकिलाच्या नोटिशीची प्रत मला पोस्टाने आली. ज्या घरात ती राहते त्याच घराच्या पत्त्यावर. पोस्टमनकडून तिनेच घेतली, सही केली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

नोटीस दीड पानाची, बाकी सगळी जोडपत्रं. पासबुकं, पगाराच्या पावत्या, कर्जाच्या कपातीचे दाखले. सगळ्यावर माझे पान क्रमांक. पुढे माझी अनुक्रमणिका. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात 'संकलन: श्या. ने.' इतकं नीट लावलेलं प्रकरण माझ्या उभ्या नोकरीत माझ्या टेबलावर आलं नव्हतं.

दुपारी बसून वाचलं. पहिल्यांदाच वाचलं. पगार जमा, दोन दिवसांनी हप्ता वजा, आणि मग महिनाभर पाचपन्नास रुपये काढल्याच्या नोंदी. वर्षामागून वर्षं तेच. अस्मिता झाली तेव्हाच्या रजेतले महिने सोडले तर एकदाही हप्ता चुकला नाही. त्या काळात माझ्या पगारातूनही घर चालत होतं. किराणा मी भरत होतो, वीज, शाळेची फी. त्याच्या पावत्या माझ्याकडे आहेत. ते कोणी विचारत नाही.

संध्याकाळी भाऊराव आले. सोबत आणखी दोघं. खुर्च्या दिल्या तरी बसले नाहीत. "अहो, वहिनी अर्धंच तर मागताहेत. तुमच्यापायी अख्खी इमारत अडकायला नको."

क्षमाने त्यांना आग्रह करून चहा दिला. मला विचारलं नाही, पण माझाही कप ट्रेमध्ये होता.

२५ नोव्हेंबर

अस्मिताला फोन केला. म्हटलं, तू आईला समजाव, मी नाव घालायला तयार आहे, पण क्षमा म्हणून घालू दे. एवढं तरी.

ती म्हणाली, "गॅझेट आल्यावर त्या नावाची बाई कुठल्याच कागदावर धरत नाहीत, बाबा. तुझ्या पद्धतीत बसणार नाही ते."

बापाला टोचून बोलायला हिला कोणी शिकवलं?

५ डिसेंबर

दोघांच्या नावाच्या करारावर सह्या झाल्या. रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात दोघांना कॅमेऱ्यासमोर शेजारी शेजारी बसवलं. संगणकावरच्या मुलीने तिचं नाव वाचलं, मग माझं. मला विचारलं, "काका, या कोण तुमच्या?"

"पत्नी."

"नाव पूर्ण वेगळं आहे."

"तिचंच आहे," मी म्हणालो. म्हणावंच लागलं.

माझा अंगठा यंत्रावर उमटेना. पुसून, दाबून, फुंकर मारून झालं. तिचा पहिल्याच खेपेला उमटला. तिने सही केली ती मला पाठ आहे, शेकडो वेळा स्कॅन केलेली. कागदावर होताना मात्र कधी पाहिली नव्हती. किती भरभर करते! नीलमचा शेवटचा म उजवीकडे लांब ओढते.

बाहेर आल्यावर मी रिक्षा थांबवली. ती म्हणाली, "तुम्ही जा. शीतल वाट बघतेय, आम्ही जेवायला जाणार आहोत." घरी येऊन मी सकाळची पोळी आणि लोणचं खाल्लं.

१४ डिसेंबर

भाड्याच्या घरात जायची तयारी. खोकी बांधतोय. खोक्यांवर लेबलं लावली, त्याला ती काही म्हणाली नाही.

संगणकावर फोल्डरचं नाव बदललं. 'क्षमा'च्या जागी 'नीलम' केलं आणि 'न जुळणारे' मधलं सगळं त्यात सरकवलं. मग 'न जुळणारे' रिकामा राहिला, तो काढून टाकला. मोजून एका मिनिटाचं काम. पद्धत आता निर्दोष आहे.

तोंडाचं मात्र जमत नाही. दिवसातून दहा वेळा क्षमा म्हणूनच हाक जाते. पूर्वी ती "आले" म्हणायची. आता कधी येते, कधी येत नाही. काल मी चिडून विचारलं, कान गेलेत का तुझे?

ती शांतपणे म्हणाली, "कान शाबूत आहेत. तुम्हाला जी मारायची ती हाक मारा. पण ओ दिली नाही, तर मला ऐकू आलं नाही असं समजू नका."

नाव ठेवलं तेव्हा मी चांगलं निवडून ठेवलं होतं. आमच्या आईलाही आवडलं होतं. कोणाला वाईट वाटावं म्हणून ठेवलं नव्हतं.

२१ डिसेंबर

क्षमा दुपारी बाहेर गेली होती. घर निम्मं रिकामं आहे, बोललेलं घुमतं. मी सोफ्यावर बसलो आणि मोठ्याने म्हणून पाहिलं. नीलम. नीट आलं. पुन्हा म्हटलं. मग स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन, ती आत असते तेव्हा मारतो तशी हाक मारली. नीलम, चहा ठेवतेस का? यात अवघड असं काहीच नव्हतं. पस्तीस वर्षं दवाखान्यातला शिपाईसुद्धा म्हणत होता.

दिवे लागायच्या सुमाराला बेल वाजली. दार उघडलं. तिच्या हातात भाजीची पिशवी होती, केसांत अबोलीचा गजरा. फार वर्षांनी पाहिला. मी तोंड उघडलं आणि निघालं ते, "क्षमा, किती हा उशीर!"

ती चपला काढून माझ्या बाजूने आत गेली. खोलीचं दार लावून घेतलं.

बराच वेळ थांबलो. मग चहा मीच ठेवायला गेलो. सगळे डबे स्टीलचे, एकसारखे. पहिल्यात मीठ निघालं, दुसऱ्यात रवा, तिसऱ्याचं झाकण निघेना. घरातल्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड कुठे आहे ते मी डोळे मिटून सांगेन. चहाला साखर मिळाली नाही. तसाच प्यायलो.